सहावी फट: खोल पाण्यातली मुशी कोकणात बसून कशी शिकावी

मालवणच्या धक्क्यावर पहिल्यांदा वही घेऊन गेलो, तेव्हा मोरी कापत बसलेल्या एका मावशींना विचारलं, "मावशी, ह्या मोरीक कल्ले किती?" आडाळ्यावरचा हात न थांबवता त्या म्हणाल्या, "मोरी म्हंजे मोरी. कल्ले कोण मोजता?"

त्यांचं बरोबरच होतं. मोरी म्हणजेच मुशी, म्हणजे शार्क. आपल्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या मुशींना डोक्याच्या बाजूला कल्ल्यांच्या फटी पाचच असतात. सगळ्यांना पाच, मग मोजणार कशाला? पण जगात पाचशेहून जास्त जातींच्या मुशी आहेत आणि त्यातल्या मोजक्या जातींना फटी सहा किंवा सात असतात. त्यातली सगळ्यात दांडगी म्हणजे सहा कल्ल्यांची मुशी, शास्त्रीय नाव हेक्झान्कस ग्रिसियस. लांबी साडेचार-पाच मीटरपर्यंत जाते. राहते अशा पाण्यात, जिथे आपला सूर्य पोचत नाही आणि आपली बहुतेक जाळीही पोचत नाहीत.

ही मुशी शिकायची कशी, तेही कोकणात राहून, यासाठी हा लेख. मी प्राध्यापक नाही, धक्क्यावर फिरणारा हौशी माणूस आहे. वाईट बातमी आधीच सांगतो: ही मुशी तुम्हाला हर्णैला किंवा मिरकरवाड्याला टोपलीत दिसेल अशी आशा धरू नका. मला इतक्या वर्षांत एकदाही दिसलेली नाही. तरीही तिच्या मागे लागून मी धक्क्यावरच्या बाकीच्या मुशी ओळखायला शिकलो, आणि खरं सांगायचं तर शिकायचा रस्ताही तोच आहे.

पायरी १: आधी पाच नीट मोजा

सहा ओळखायचे असतील तर पाच डोळ्यांखालून इतक्या वेळा जायला हवेत, की एखाद दिवशी सहावी फट आली तर न मोजताच खटकावं. त्यासाठी महिन्यातून दोन-तीनदा धक्क्यावर जा. पहाटे किंवा संध्याकाळी, जिथे लिलाव जेव्हा असतो तेव्हा. हर्णैचा संध्याकाळचा लिलाव नवख्याला सोपा जातो, उजेड असतो आणि मासळी वाळूवर मांडलेली असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा त्या दिवसांत जाऊन उपयोग नाही. नारळी पौर्णिमेनंतर जा.

दोन रीती पाळा. मावशींची भवानी व्हायच्या आधी प्रश्न विचारू नका. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक सोडून तुमच्याशी कल्ल्यांवर चर्चा करायला कोणी रिकामं नसतं. आणि काहीतरी विकत घ्या. पावशेर कोळंबी घेतली तरी चालेल. फुकट फोटो काढणाऱ्यांना धक्का लवकर कंटाळतो.

सुरुवात सगळ्यात लहान मुशीपासून करा. चपट्या, फावड्यासारख्या लांब नाकाची, राखाडी पाठीची, हातभर लांबीची मुशी रत्नागिरीपासून मुंबईपर्यंत ढिगाने येते. शास्त्रीय नाव स्कोलिओडॉन लॅटिकॉडस. तिला कुशीवर ठेवा. डोळ्याच्या मागे, छातीच्या परापर्यंत, उभ्या चिरा दिसतील. बोटाने नव्हे, काडीने मोजा. फटी मिटलेल्या असतात आणि बोट फिरवलं की दोन चिरा एकच वाटतात. शेवटची फट पराच्या मुळावर गेलेली असते, ती हमखास सुटते.

माझी फजिती इथेच झाली. तळाला राहणारी, मऊ अंगाची, तपकिरी रंगाची एक छोटी मुशी डोलीच्या जाळ्यात आलेली होती. मी मोजल्या फटी चार. पुन्हा मोजल्या, चारच. छाती फुगवून चार जणांना बोलावून दाखवलं. एका खलाशाने नखाने शेवटची चीर उचकटली, तर तिच्या आतून पाचवी निघाली. बांबू शार्क म्हणतात त्या मुशींमध्ये चौथी आणि पाचवी फट एकमेकींवर चढलेली असते. गंमत अशी की आपल्याकडच्या एका बांबू शार्कचं नावही किलोसिलियम ग्रिसियम. ग्रिसियस किंवा ग्रिसियम म्हणजे लॅटिनमध्ये राखाडी, दोघींचं आडनाव एकच म्हणा. एक चार वाटते आणि पाच असते, दुसरी खरोखर सहा असते. तेव्हा आकडा वेगळा आला की आधी स्वतःच्या मोजण्यावर संशय घ्या.

दुसरा घोळ पाकटाचा, म्हणजे मुशीच्या चपट्या भाऊबंदाचा. पाकटाच्या फटी पोटाच्या बाजूला असतात, मुशीच्या कुशीला. अर्धी मुशी-अर्धं पाकट दिसणारे, गिटारीच्या आकाराचे मासे येतात, त्यांना उलटून बघा: फटी खाली असतील तर ते पाकटाच्या गोतातले. करवत मासाही तसाच, दिसतो मुशीसारखा पण फटी पोटाकडे. (दक्षिण आफ्रिका आणि मादागास्करच्या बाजूला सहा फटींच्या करवती मुशी आहेत, त्यांच्या फटी मात्र कुशीला. त्यातल्या दोन नव्या जाती २०२० मध्ये जाहीर झाल्या. म्हणजे हा हिशेब अजून संपलेला नाही.)

पायरी २: नावांचा गुंता सोडवा

मालवणात मोरी, रत्नागिरीपासून वर मुशी. हातोड्याच्या डोक्याची ती कानमुशी. देवमाशाएवढी, ठिपक्याठिपक्यांची, निरुपद्रवी ती बहिरी. ही नावं माशाच्या दिसण्यावरून, चवीवरून आणि जाळ्यावरून पडली. सहा कल्ल्यांच्या मुशीला मात्र मी तरी खास मराठी नाव ऐकलेलं नाही. जो मासा जाळ्यात येत नाही त्याचं बारसं कोण करणार? मी आपला 'सहाकल्ली' म्हणतो, तुम्हाला दुसरं सुचलं तर खुशाल वापरा. नोंद करताना मात्र शास्त्रीय नाव लिहा, नाहीतर वही पाच वर्षांनी तुमची तुम्हालाच कळणार नाही.

हेक्झान्कस हे प्रजातीचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं नाव. हेक्झा म्हणजे सहा. या गटात आज तीन जाती मानतात. मोठी ती ग्रिसियस, १७८८ मध्ये बोनातेर या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने नोंदलेली. दुसरी नाकामुराय, मोठ्या डोळ्यांची, सडपातळ, साधारण पावणेदोन मीटरची. तिसरी व्हिट्युलस, अटलांटिक महासागरातली. तिला कित्येक वर्षं नाकामुरायच समजत होते, २०१८ मध्ये डीएनए तपासून पुन्हा वेगळी काढली. जवळच्या नात्यात सात फटींच्या दोन मुशी आहेत. त्यातली टोकदार नाकाची हेप्ट्रान्कियस पेर्लो खोल पाण्यात राहते. लांबची नातेवाईक म्हणजे झालरीची मुशी: सापासारखं अंग, फटी सहा, आणि पहिली फट गळ्याखालून आरपार, गळ्यात कॉलर घातल्यासारखी.

एवढी नावं पुरे. बाकीची लागतील तेव्हा बघा.

पायरी ३: नकाशा काढा आणि वाव मोजा

ही पायरी सगळे टाळतात आणि खरं शिक्षण इथेच आहे. आपले तांडेल, म्हणजे होडी चालवणारे मुख्य खलाशी, खोली वावात सांगतात. एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुमारे सहा फूट, १.८ मीटर. शास्त्रीय लिखाणात मीटर असतात. दोन्ही भाषा यायला हव्यात. २०० मीटर म्हणजे ११० वाव. ५०० मीटर म्हणजे २७० वावांच्या वर. ७०० मीटर म्हणजे जवळजवळ ३८० वाव.

आता घरी बसून समुद्राच्या तळाचा नकाशा उघडा. जेब्को नावाचा जगभरच्या खोलीचा नकाशा इंटरनेटवर फुकट आहे. कोकणासमोर २०० मीटरची रेषा शोधा आणि तिच्यावर पेन्सिल फिरवा. किनाऱ्यापासून त्या रेषेपर्यंत जो उथळ, पसरट ओटा आहे त्याला समुद्रबूड जमीन म्हणतात. मुंबईसमोर हा ओटा सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे, गोव्याकडे येईतो निम्म्याहून कमी होतो. आपल्या बांगड्याचं, कोळंबीचं, पापलेटचं सगळं जग या ओट्यावर. सहाकल्लीचं जग ओट्याच्या कडेवरून खाली.

याच नकाशावर विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरच्या थोडं पलीकडे एक उंचवटा दिसेल. तो आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा. ४० किलोमीटर लांब, माथा पाण्याखाली जेमतेम २० मीटरवर, वर प्रवाळ. त्याच्या पलीकडे तळ झपाट्याने खाली जातो. विजयदुर्गच्या तटावर उभं राहून पश्चिमेकडे बघताना मला नेहमी वाटतं, दिसतंय ते पाणी एकच आहे, पण त्या रेषेपलीकडे खाली निराळा मुलूख आहे.

त्या मुलखाचा अंदाज घ्या. दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे ५०० मीटरवर वरच्या हवेसकट ५१ पट. उजेड २०० मीटरनंतर फक्त नावाला उरतो, १००० मीटरनंतर तोही नाही. शिवाय अरबी समुद्राची एक खासियत: साधारण १५० मीटरपासून १००० मीटरपर्यंतच्या थरात प्राणवायू फार कमी आहे, जगातल्या सगळ्यात जाड आणि तीव्र अशा थरांपैकी हा एक. वरच्या पाण्यात पावसाळ्याच्या जोरावर वनस्पतिप्लवक (तरंगत्या सूक्ष्म वनस्पती) उदंड वाढतं, मरून खाली पडतं, त्याला कुजवताना जिवाणू प्राणवायू खाऊन टाकतात, आणि खाली नवं पाणी सहज येत नाही.

अशा ठिकाणी मासा राहतो कसा, हा प्रश्न तुम्हाला पडला तर तुमची तिसरी पायरी पार झाली. सहाकल्लीचा वावर वरच्या थरापासून २५०० मीटरपर्यंत नोंदलेला आहे. हवाई बेटांजवळ तिच्या अंगावर यंत्रं लावून पाहिलं, तर ती दिवसा ५०० ते ७०० मीटरवर, थंड आणि कमी प्राणवायूच्या पाण्यात राहिली आणि रात्री २०० ते ३५० मीटरपर्यंत वर आली. संथ चाल आणि थंड पाणी, म्हणजे खर्च कमी. जास्तीच्या कल्ल्यामुळे तिला कमी प्राणवायू पुरतो, असं सरळ गणित लोक मांडतात. ऐकायला छान, पण तिच्या शेजारीच पाच कल्ल्यांच्या कितीतरी मुशी त्याच खोलीत सुखाने नांदतात, तेव्हा मी ते गणित वहीत प्रश्नचिन्हासकट लिहिलंय.

आपल्या देशात खोल पाण्यातल्या मुशींची जी माहिती आहे, त्यातली बरीचशी केरळच्या बाजूची. कन्याकुमारी जिल्ह्यातल्या तूत्तूर भागातले मच्छीमार कोची बंदरावरून लांब गळाच्या दोऱ्या घेऊन खोल समुद्रात जातात, यकृताच्या तेलासाठी खोल पाण्यातल्या काटेरी मुशी धरत आलेत, आणि त्यांच्याबरोबर बाकीच्या खोल जातीही वर आल्या. आपल्या ट्रॉलरची बहुतेक खेप १०० वावांच्या आत. म्हणजे मुशी तिथे नाही असं नव्हे, आपली दोरी तिथे जात नाही.

पायरी ४: समोर आली तर ओळखायची कशी

फोटो दाखवून कोणी म्हणालं 'ही बघा सहा कल्ल्यांची', तर या क्रमाने बघा.

पाठीवरचा पर. आपल्या ओळखीच्या मुशीला पाठीवर दोन पर: एक मध्यावर, एक मागे. सहाकल्लीला एकच, तोही पार शेपटीजवळ. ही खूण इतकी ठळक आहे की कल्ले मोजायच्या आधीच निम्मा निकाल लागतो. पाठ सपाट, रिकामी, आणि शेवटी एक छोटा पर. फोटोत पाठीच्या मध्यावर उंच त्रिकोणी पर असेल तर पुढे बघायची गरजच नाही.

मग फटी. लांब, मोठ्या, छातीच्या पराच्या पुढे सहा.

मग डोळे. हिरवे, चकाकणारे. पाणबुडीच्या दिव्यात ते काचेच्या गोटीसारखे दिसतात. तोंड बोथट, रुंद. अंग जड, वरून तपकिरी-राखाडी, कुशीवर कधीकधी फिकट रेघ.

शेवटी दात, आणि माझ्या मते हीच सगळ्यात देखणी खूण. वरच्या जबड्यात अणकुचीदार, साधे. खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंना रुंद, करवतीसारखे: एकेका दातावर उतरत्या टोकांची रांग, फणी मोडून बसवल्यासारखी. ग्रिसियसला असे मोठे दात प्रत्येक बाजूला सहा, नाकामुरायला पाच. कल्ले सहा, दात सहा. लक्षात ठेवायला सोपं. वरच्या दातांनी धरायचं आणि खालच्यांनी डोकं हलवत कापायचं, म्हणून मोठ्या मेलेल्या जनावराचाही लचका तिला तोडता येतो.

पायरी ५: तिचं जगणं समजून घ्या

खाण्यात तिला काही वर्ज्य नाही. पाकटं, दुसऱ्या मुशी, हाडाचे मासे, माकूळ, खेकडे, सील, आणि तळाला पडलेले देवमासे. खोल समुद्रात जेवण रोज मिळत नाही. वरून काही पडलं तर पडलं. अशा मेलेल्या देवमाशावर ताव मारताना सहाकल्लीची चित्रफीत निघालेली आहे.

तरंगण्याचा भाग मला सगळ्यात आवडतो. मुशीला हाडाच्या माशासारखा हवेचा फुगा नसतो. तिची हलकेपणाची सोय यकृतात, तेलाच्या रूपात. धक्क्यावर मुशी चिरताना बघा, पोटात पिवळसर, मऊ, लांबलचक दोन पाळ्या निघतात, पोटाचा मोठा भाग त्यांनीच भरलेला असतो. तरीही बहुतेक मुशी पोहायच्या थांबल्या की बुडतात. सहाकल्लीचं उलटं. हवाईत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की ती पाण्यापेक्षा किंचित हलकी आहे: खाली जाताना तिला शेपटी मारावी लागते आणि वर येताना ती न हलता, काही मिनिटं, तरंगत चढते. का, यावर तर्क आहेत. खालून गुपचूप वर येऊन भक्ष्याला गाठायला बरं पडत असेल, किंवा थंडीत अंग आखडल्यावर रात्री वर यायला मदत होत असेल. दोन्ही खरं असायला हरकत नाही.

त्याच तेलापायी मुशीवर संक्रांत येते. दुसऱ्या महायुद्धात परदेशी कॉड माशाचं तेल येईना, तेव्हा मुंबईपासून त्रावणकोरपर्यंत मुशीच्या यकृताचं तेल काढायचे उद्योग उभे राहिले, अ जीवनसत्त्वासाठी. पुढे कृत्रिम जीवनसत्त्व आलं आणि ती मागणी ओसरली. खोल पाण्यातल्या काटेरी मुशींच्या तेलाला मात्र स्क्वालीन नावाच्या द्रव्यासाठी मागणी राहिली.

आता पिल्लं. इथे धक्क्यावरची छोटी मुशी पुन्हा कामाला येते. स्कोलिओडॉनची मादी नाळेने पिल्लं पोसते, अगदी आपल्यासारखी, आणि जन्मलेलं पिल्लू वीतभरही नसतं. सहाकल्लीत नाळ नाही. अंडी पोटातच उबतात, पिल्लू बलकावर वाढतं आणि जिवंत बाहेर येतं. एका वेताला २२ पासून १०८ पर्यंत पिल्लं नोंदलेली आहेत. जन्मताना लांबी ६५ ते ७४ सेंटिमीटर. पुढच्या वेळी धक्क्यावर ती फावड्या नाकाची मुशी उचलाल, तेव्हा ध्यानात घ्या की ती पूर्ण वाढून जेवढी होते, जवळपास तेवढ्यात सहाकल्लीचं बाळ जन्माला येतं.

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, सिअ‍ॅटलजवळच्या प्युजेट साउंड या खाडीत ही पिल्लं उथळ पाण्यात वाढतात, म्हणून तिथे त्यांचा अभ्यास सोपा झाला. तिथल्या एका मादीच्या पोटातल्या ७१ पिल्लांची आनुवंशिक तपासणी केली, तर बाप एक नव्हता. नऊपर्यंत नर असावेत असा अंदाज निघाला. मोठ्या माद्या पिल्लं घालायला आत येतात आणि परत खोल पाण्यात जातात, असं तिथलं चित्र आहे. आपल्या वाशिष्ठी-सावित्रीच्या खाड्यांत असं काही होईल अशी कल्पना मात्र करू नका. आपल्या खाड्या उबदार, गढूळ आणि उथळ, ते पाणी थंड आणि शेकडो मीटर खोल.

वय विचाराल तर पंचाईत आहे. बऱ्याच मुशींच्या मणक्यात झाडाच्या खोडासारखी कडी असतात, ती मोजून वय काढतात. सहाकल्लीच्या मणक्यात कॅल्शियम इतकं कमी की कडी नीट उमटतच नाहीत. मादी वयात येते ती सव्वाचार मीटरच्या आसपास, एवढं ठाऊक आहे. सावकाश वाढणारा, उशिरा वयात येणारा मासा एकदा कमी झाला की भरून यायला फार वेळ लागतो. धोक्यातल्या जीवांच्या जागतिक यादीत ती 'संकटाच्या उंबरठ्यावर' या गटात आहे.

एक शब्द सांभाळून वापरा: जिवंत जीवाश्म. सहाकल्लीच्या कुळाचे दात ज्युरासिक काळातल्या खडकांत सापडतात, हे खरं. म्हणजे आपला सह्याद्रीचा काळा पाषाण, जो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा म्हणून ओतला गेला, तो या कुळापुढे पोरगा आहे. ज्युरासिक काळ संपूनच साडेचौदा कोटी वर्षं होत आली. पण कूळ जुनं म्हणजे आजची मुशी जशीच्या तशी जुनी असं होत नाही. आपल्या गावच्या घराण्यांचंही तसंच असतं, नाव तेच, माणसं निराळी.

पायरी ६: मोबाइलवर येतं ते तपासा

दर पावसाळ्यात एखादी चित्रफीत फिरते: 'कोकणात सापडला राक्षसी मासा.' मला आलेल्या एका चित्रफितीत मुशी खरोखर सहाकल्ली होती, पर एकच, डोळे हिरवे. पण पाणी हिरवंगार, खडकांवर पांढरी समुद्रफुलं, पाणबुड्याच्या अंगावर जाड कोरडा पोशाख, थंड पाण्यात घालतात तसला. मालवणात असला पोशाख घालून कोणी बुडी मारली तर घामानेच मरेल. ती फीत कॅनडाच्या किंवा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची असणार.

तेव्हा मासा बघायच्या आधी आजूबाजूचं बघा. माणसांचे कपडे, होडीची नाळ, नोंदणी क्रमांक, मागचा डोंगर, बोलणं कुठल्या भाषेतलं. पाणबुडीच्या फितीवर कोपऱ्यात खोली आणि तापमान लिहिलेलं असतं, ते वहीत उतरवून वावांत करा. अशा पंचवीस फिती नीट बघितल्यात, की ती कशी पोहते हे डोळ्यात बसतं: घाई नाही, शेपटीचा लांब, आळशी झोल.

पायरी ७: वही, फोटो आणि कायदा

वहीत प्रत्येक मुशीसाठी इतकं लिहा: तारीख, बंदर, जाळं कोणतं, किती वावांत, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सरळ लांबी, नर की मादी, फटी किती, पाठीवर पर किती. नर ओळखणं सोपं, पोटाखालच्या परांना लागून दोन दांडे असतात. फोटो तीन: पूर्ण कुशीचा, डोक्याचा खालून, आणि दातांचा, शेजारी मोजपट्टी हवीच. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेत तर जाणकार नाव सुचवतात. मुशीला लवकर उग्र वास सुटतो, त्याने दचकू नका. तिच्या अंगात युरिया साठवलेला असतो, मेल्यावर त्याचा अमोनिया होतो.

शंका आली तर विचारायला जागा आहेत. रत्नागिरीत शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र; मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, शिवाय केंद्रीय समुद्री मत्स्यकी संशोधन संस्थेचं केंद्र. फोटो आणि माप घेऊन गेलात तर नीट बोलतात, नुसतं 'मोठा मासा होता' म्हणालात तर चहा पाजून परत पाठवतात.

कायद्याचं थोडक्यात. सगळ्या मुशी धरायला बंदी नाही, पण बहिरी आणि करवत मासा २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित अनुसूचीत बरीच नावं वाढली. मुशीचे पर समुद्रातच कापून धड फेकून द्यायला २०१३ पासून मनाई आहे, परांची निर्यात २०१५ पासून बंद. संरक्षित जनावर जाळ्यात अडकलं आणि जाळं कापून सोडलं, तर महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून नुकसानभरपाईची योजना आहे, २५,००० रुपयांपर्यंत. कांदळवन कक्ष किंवा मत्स्यव्यवसाय खात्याकडे फोटोसकट अर्ज करायचा. ही गोष्ट तांडेलांना आवर्जून सांगा, अजून अनेकांना माहीत नाही.

आणि दोन-तीन तांडेलांशी जमवून ठेवा, खास करून जे ओट्याच्या कडेपर्यंत जातात. माझ्या ओळखीच्या एका काकांना मी एवढंच सांगून ठेवलंय: पाठीवर एकच पर असलेली मोरी आली, तर डोकं कापू नका. जिवंत असेल तर कुशीचा एक फोटो काढून सोडून द्या. मेलेली असेल तर बर्फात घाला, किती वाव पाणी होतं आणि विजयदुर्गपासून कुठल्या दिशेला होतात ते लिहून ठेवा, आणि रेंज आली की रात्री कितीही वाजता फोन करा. काका हसले आणि म्हणाले, "आणि सातवो कल्लो निघालो तर?"

मग तर दोनदा फोन करा, म्हटलं.